शाहिराचे नाव आणि शाहिराची भाकरी

जत्रा आली की गावात तमाशाचा फड येतो. ढोलकी कडाडते, तुणतुणे वाजू लागते. गण होतो, गौळण होते, बतावणी होते, मग वग रंगतो. आपण रात्रभर बसून ऐकतो. दुसऱ्या दिवशी उसाच्या रानात तेच गाणे आपल्या ओठांवर असते. पण मंडळी, ते गाणे रचले कुणी? रचणाऱ्याचे आणि गाणाऱ्याचे पोट कशावर चालते? हे आपण सहसा विचारीत नाही. तेच आज आम्ही सांगणार आहोत.

पूर्वी गाणी तोंडातोंडी फिरत. मग रचणाऱ्याचे नाव टिकावे कसे? शाहिरांनी एक युक्ती काढली. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते आपले नाव गुंफीत. आपण भांड्यावर नाव घालतो ना, तसेच हे. भांडे शेजारी गेले तरी कुणाचे ते कळते. पेशवाईच्या काळात होनाजी नावाचे शाहीर होते. ते जातीने गवळी. ते गाणी रचीत आणि बाळा करंजकर गात. ही जोडी अशी जमली, की लोक आजही 'होनाजी बाळा' असे एका दमात म्हणतात. रचणाराही राहिला, गाणाराही राहिला.

आता आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले पाहू. वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्ष हे गाव आहे. तिथे 1866 साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. घर कुलकर्ण्याचे, ब्राह्मणाचे. पण त्यांना तमाशाचा नाद लागला. जातपात, घरदार मागे टाकून ते फडात गेले. हेच पठ्ठे बापूराव. त्यांनी असंख्य लावण्या रचल्या. पवळाबाई या महार समाजातल्या गुणी कलावंतीण त्यांच्या फडात होत्या. त्या दोघांचा खेळ म्हटला की मुंबईत गर्दी लोटे. पण 1945 साली पुण्यात बापूराव वारले, तेव्हा त्यांची परिस्थिती हलाखीची होती. नाव लावणीत राहिले. भाकरी मात्र राहिली नाही.

असे का होते? फडाचे काम बारमाही नसते, हे पहिले कारण. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतात आणि वैशाखापर्यंत गावोगाव फिरतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची माणसे तिथे येऊन जत्रेची सुपारी ठरवतात. पाऊस सुरू झाला की सारे थंड. मग खायचे काय? कलावंत मालकाकडून उचल घेतो. मालकही पुष्कळदा सावकाराकडून कर्ज काढतो. उचल फेडायची म्हणून पुढच्या हंगामात पुन्हा त्याच फडात जावे लागते. ज्याला हिशेब वाचता येत नाही, त्याची उचल कधी फिटते हे त्याला कसे कळावे?

विठाबाई नारायणगावकर यांचे नाव आपण ऐकले असेल. 1935 साली पंढरपूरला त्यांचा जन्म झाला. वडील आणि चुलते, दोघेही फडवाले. खेळ चालू असताना पडद्यामागे त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट महाराष्ट्रभर सांगतात. राष्ट्रपतींच्या हातून त्यांना मान मिळाला. पण शेवटच्या आजारात औषधपाण्याला पैसा पुरेना. लोकांच्या मदतीवर भागवावे लागले. 2002 साली त्या वारल्या. पुढे 2006 सालापासून सरकार त्यांच्या नावाने कलावंतांना पुरस्कार देऊ लागले. मान मोठा खरा, पण आजारपणात मान शिजवून खाता येत नाही.

वाळवा तालुक्यातल्याच वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनाही शाळा फारशी लाभली नाही. मुंबईत मिळेल ते काम करता करता दुकानांवरच्या पाट्या वाचून ते अक्षरे शिकले, असे सांगतात. त्यांनी पोवाडे रचले, लोकनाट्ये लिहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची 'माझी मैना' ही छक्कड घराघरात गेली. 'फकिरा' ही कादंबरी 1959 साली निघाली आणि तिला राज्याचे पारितोषिक मिळाले. 1969 साली ते वारले, तेही गरिबीतच. पण त्यांचे शब्द छापलेले होते. म्हणून ते आज आपल्या हातात आहेत.

आता कोल्हापूरचे जगदीश खेबुडकर यांच्याकडे पाहा. ते पेशाने शिक्षक. 1962 सालच्या 'रंगल्या रात्री अशा' या चित्रपटातल्या त्यांच्या लावणीने नाव झाले. 1972 साली 'पिंजरा' आला आणि त्यांची गाणी खेडोपाडी पोचली. 2011 साली ते वारले. लावणीचे हे शब्द शाळामास्तराने लिहिले, हे कित्येकांना ठाऊकही नसेल! आयुष्याची बरीच वर्षे त्यांनी शिक्षकाची नोकरी सांभाळून लेखणी चालवली. महिन्याचा पगार पाठीशी असला की माणसाला उचल घ्यावी लागत नाही.

आता कायदाही थोडा बदलला आहे. 2012 साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटातले गाणे थिएटरबाहेर रेडिओवर किंवा दुसरीकडे वाजले, तर गीतकार आणि संगीतकार यांना त्या पैशातला वाटा मिळण्याचा हक्क आहे. तो हक्क निर्मात्याला लिहून देऊन टाकता येत नाही. पण हक्क मागायचा तर गाणे आपले आहे हे दाखवावे लागते. तिथे कागद लागतो, नाव लागते, सही लागते.

मंडळी, आपल्या गावातही कुणी म्हातारा पोवाडा म्हणत असेल, कुणी आजी जात्यावरच्या ओव्या रचीत असेल. आता आपल्याला लिहिता येऊ लागले आहे. एक वही घ्या. त्यांच्याजवळ बसा आणि ते म्हणतील तसे उतरून घ्या. वर रचणाऱ्याचे नाव घाला, गावाचे नाव घाला, साल घाला. आणि घरात कुणी कलावंत असेल, तर उचलीचा कागद वाचल्याशिवाय त्याला अंगठा उठवू देऊ नका.