पळून झाल्यावर ऑल्टिट्यूड मास्क लावावा का?

या भागाचं हे लेखी रूप. लोकलच्या गर्दीत ऐकताना काही सुटलं असेल, तर इथे निवांत वाचा.

भाईंदरच्या जेसल पार्कला खाडीकाठी पळणाऱ्या एका श्रोत्याने विचारलंय, “पळून झाल्यावर तासभर ऑल्टिट्यूड मास्क लावून बसलो, तर स्टॅमिना वाढेल का?”

उत्तर आधीच सांगतो: नाही. पण का नाही, ते ऐकण्यासारखं आहे.

जोरात पळताना स्नायूंमधला ऑक्सिजन तसाही खूप खाली जातो, अगदी समुद्रसपाटीच्या भाईंदरमध्येसुद्धा. ऑक्सिजन घटला की पेशींमध्ये ‘हिफ’ नावाचं प्रथिन टिकून राहतं आणि सूचना देतं: नव्या केशवाहिन्या काढा, रक्तातल्या लाल पेशी वाढवा. ही यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. आपण थांबलो की ऑक्सिजन परत येतो आणि हिफ काही मिनिटांत नाहीसं होतं. मग वाटतं, विश्रांतीही विरळ हवेत घेतली तर ती सूचना लांबेल की!

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. धावपटू चार आठवडे २,५०० मीटरवर राहिले, कठीण सराव मात्र १,२५० मीटरवर उतरून केला. त्यांची ५,००० मीटरची वेळ सुधारली. पण त्याचं मोठं श्रेय रक्ताला, लाल पेशी वाढल्या होत्या.

स्नायूंचं गणित वेगळं आहे. दुरुस्तीला ऊर्जा लागते आणि ऊर्जेला ऑक्सिजन. तो कमी असला की पेशी काटकसर करते, नवी प्रथिनं बांधायचं काम मागे पडतं, झोपही बिघडते. हिमालयातल्या मोहिमांवरून परतलेल्या गिर्यारोहकांचे स्नायू चक्क बारीक झालेले आढळलेत.

आपला अविनाश साबळे बघा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा पोरगा, सैन्यात असताना सियाचिनला होता. नुसत्या विरळ हवेने चॅम्पियन घडले असते, तर तिथला प्रत्येक जवान ऑलिम्पिकला गेला असता! धावपटू म्हणून तो घडला त्यानंतर, वर्षानुवर्षांच्या सरावातून. त्यात उटी आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथली शिबिरंही आली, पण ती साधारण १,८०० ते २,२०० मीटरवरची, बेताच्या उंचीची. २०२४ मध्ये पॅरिसला त्याने ३,००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला.

आणि मास्क? तो उंचावरची हवा तयार करत नाही, फक्त श्वासाला अडथळा आणतो. छातीच्या स्नायूंना थोडा व्यायाम होईल, पण तासाभरात लाल पेशी काही वाढत नाहीत.

तेव्हा पळून झाल्यावर मोकळ्या हवेत बसा, पोटभर जेवा, रात्री नीट झोपा. सारखा दम लागत असेल तर मास्कचे पैसे वाचवून आधी हिमोग्लोबिन तपासा, मुलींनी तर नक्कीच. लोह कमी असेल तर भाईंदरची भरपूर ऑक्सिजनवाली हवाही स्नायूंपर्यंत पुरेशी पोचत नाही.

भेटू पुढच्या भागात!