घरचा दुधी : खावा कसा, टाळावा केव्हा

पावसाळ्याच्या तोंडी परसात खोचलेले दुधीचे दोन बी श्रावण-भाद्रपदापर्यंत मांडव भरून टाकते. पहिल्या दुधीचे घरात कौतुक होते. दुसरा शेजारी जातो. त्यानंतर मात्र एका वेळी चार-चार दुधी लोंबू लागतात आणि घरातील मंडळी जेवणाच्या ताटाकडे पाहून नाक मुरडू लागतात. शेजारीपाजारीही "आमच्याकडे कालचाच आहे हो" असे म्हणू लागतात. त्यातच घोसाळी आणि दोडके यांचाही हाच हंगाम. मग हा माल एक तर वेलावरच जून होतो, नाही तर गुरांपुढे जातो. पैसे न मोजता मिळालेली ताजी भाजी अशी वाया जाऊ नये, म्हणून आज थोडे दुधीविषयी.

प्रथम एक गैरसमज दूर करू. दुधी म्हणजे फार मोठे टॉनिक नव्हे. त्यात सुमारे ९६ टक्के पाणी असते आणि शंभर ग्रॅममागे जेमतेम पंधरा उष्मांक. प्रथिने नाममात्र. पचायला हलका, पोट भरणारा आणि वजन न वाढवणारा, हा त्याचा गुण. पण हाच गुण काही घरांत अवगुण ठरतो. आजारातून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला 'पथ्य' म्हणून रोज उकडलेला, अळणी दुधी दिला जातो. आधीच भूक मंद, त्यात हे बेचव अन्न. ते दोन घास खाऊन ताट सरकवतात आणि अंगात पाण्याशिवाय काही जात नाही. दुधी एकटा कधीच वाढू नये. डाळ, दही, तीळ, शेंगदाणे यांपैकी काहीतरी त्याच्या जोडीला हवेच. चव येते ती त्यानेच आणि ताकद येते तीही त्यानेच.

ही जोड आपल्या आजीला पक्की ठाऊक होती. दुधीची चणाडाळ घालून केलेली भाजी घ्या. अर्धा किलो दुधीला अर्धी वाटी डाळ दोन तास भिजवावी. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची यांच्या फोडणीवर आधी डाळ परतून वाफवावी. ती बोटाने दबू लागली की मगच दुधीच्या फोडी घालाव्यात. वरून पाणी मुळीच घालू नये. झाकणावर पाणी ठेवावे. दुधी स्वतःच्याच पाण्यात शिजतो. शेवटी मीठ, गोडा मसाला, किंचित गूळ आणि ओले खोबरे. मीठ आधी घातले तर पाणी भराभर सुटते आणि भाजीचा लगदा होतो. बहुतेक घरांत दुधी नावडता होतो तो या लगद्यामुळेच.

मुलांसाठी थालीपीठ उत्तम. दोन वाट्या भाजणीला दीड ते दोन वाट्या दुधीचा कीस घ्यावा, त्यात तिखट, मीठ, तीळ, कोथिंबीर घालून पाच मिनिटे झाकून ठेवावे. तेवढ्यात सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजते. वरून पाणी ओतले की थालीपीठ थापताना चिकटते. सोबत घट्ट दही द्यावे. मधुमेही व्यक्तींनाही हे थालीपीठ चालते, मात्र तेल बेताने आणि थालीपीठे मोजून. कणीक, बेसन व कीस यांचे गुजराती पद्धतीचे मुठिये वीस मिनिटे वाफवून, वरून मोहरी-तिळाची फोडणी दिली तर डब्यालाही चांगले. कीस वाफवून गार करावा, त्यात दही आणि फेसलेली मोहरी घालावी. दात नसलेल्यांना हे रायते फार सोईचे.

साल टाकू नये. कोवळ्या दुधीची साल व दोडक्याच्या शिरा धुऊन बारीक चिराव्यात, चमचाभर तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परताव्यात. त्यात तीळ, किसलेले सुके खोबरे, मिरची, मीठ घालावे. ही चटणी भाकरीबरोबर अशी जाते, की मुख्य भाजी मागे राहते. घोसाळ्यांची भजी कोणाला सांगायला नको. ती आणि दुधी हलवा सणावारापुरते ठेवावेत. हलव्यात दुधी असतो म्हणून तो हलका, असे म्हणत दोन वाट्या संपवणारी माणसे आम्ही पाहतो. खवा, साखर, तूप घातल्यावर त्यात हलके काय उरले?

आता मुख्य मुद्दा. दुधीचा वेल भरला की घरोघरी रस काढणे सुरू होते. "डॉक्टर, रोज पेलाभर दुधीचा रस घेतो, साखर उतरते म्हणतात," हे वाक्य दवाखान्यात हमखास ऐकू येते. त्या भरवशावर कोणी गोळ्या बंद केल्या तर साखर वाढते, हा एक धोका. दुसरा धोका त्याहून तातडीचा आहे. क्वचित एखादा दुधी कडू निघतो. हा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्यांचा असतो. २०१० साली दिल्लीतील एका वैज्ञानिकाचा दुधी-कारल्याचा कडू रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला. २०१५ मध्ये जर्मनीत ७९ वर्षांचे एक गृहस्थ शेजाऱ्याच्या बागेतील कडू झुकिनी खाऊन दगावले. झुकिनी ही आपल्या भोपळ्याचीच विलायती बहीण. आणि ती तर शिजवलेली होती. शिजवल्याने हे विष जात नाही, हे लक्षात घ्यावे.

आपल्याकडे 'कडू ते औषधी' अशी समजूत आहे. कारल्याच्या बाबतीत ती चालून जाते, दुधीच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. म्हणून दुधी चिरताच कच्ची बारीक फोड जिभेवर ठेवून पाहावी. एका दुधीला एक मिनिटही लागत नाही. कडू लागली तर थुंकून चूळ भरावी आणि तो दुधी सरळ फेकून द्यावा. गूळ घालून कडूपणा झाकू नये, गुरांनाही घालू नये. रस घ्यायचाच असेल तर आधी चाखलेल्या दुधीचा घ्यावा आणि त्यात दुसरा कोणताही रस, विशेषतः कारल्याचा, मिसळू नये. कारण मग कडूपणा कोणाचा हे कळतच नाही. आमचे मत विचाराल तर रसापेक्षा भाजी बरी. तोंडात कडू घास आला तर माणूस थांबतो. रस मात्र औषध म्हणून नाक दाबून घशाखाली जातो.

कडू दुधी खाल्ल्यावर किंवा त्याचा रस प्यायल्यावर मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू झाले, उलटीत रक्त दिसले किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नये. यावर उतारा असे औषध नाही. पण वेळेवर सलाईन व उपचार मिळाले की बहुतेक रुग्ण बरे होतात. तेव्हा तडक रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे.

घरच्या बियाण्याबाबतही सावध असावे. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना लागणारा भोपळा दुधीच्याच जातीचा, पण चवीला कडू. असा कडू भोपळा जवळपास असेल तर परागकणांची सरमिसळ होते. त्याचा परिणाम यंदाच्या फळावर दिसत नाही, मात्र त्यातले बी पुढच्या वर्षी लावले तर कडू फळ येऊ शकते. असे बी धरण्यापेक्षा विकतचे खात्रीचे बी लावावे.

दुधी काढावा तो नख सहज रुतते तोवर, देठासह. एक-दोन फळे वेलावर जून होऊ दिली की नवीन फळे धरणे मंदावते. एवढे करूनही उरलेच, तर ऑक्टोबरचे ऊन पडल्यावर सांडगे घालावेत. कोहळ्याऐवजी दुधीचा पिळलेला कीस, भिजवून वाटलेली उडदाची डाळ, मिरची, जिरे व हिंग. रक्तदाबाचा रुग्ण घरात असेल तर त्याच्या वाटणीचे सांडगे मीठ कमी घालून वेगळे घालावेत आणि खडखडीत वाळल्यावर वेगळ्या डब्यात भरावेत. पिळून निघालेले पाणी आमटीला वापरावे.