‘मोठा खोत लागून गेलास!’ : उपहास आणि समूहनिंदा यांमधील सीमारेषा

प्रास्ताविक

मुंबई-गोवा महामार्गावरील कोलाड नाक्याचा एक प्रसंग कल्पून पाहा. शनिवारची सकाळ आहे. कुंडलिका नदीत राफ्टिंग करण्यासाठी मुंबई-पुण्याहून गाड्या येत आहेत. त्यांपैकी एकाने आपली गाडी रिक्षाथांब्यावर आडवी लावली आणि कोणी हटकताच ‘पाच मिनिटांनी काय बिघडते?’ असे उलट विचारले. रिक्षावाला उत्तरतो, “तू काय इथला खोत लागून गेलास काय?”

रिक्षावाल्याला त्या माणसाचे आडनाव ठाऊक नाही, जात ठाऊक नाही, गावही ठाऊक नाही. त्याच्यासमोर आहे ती केवळ एक वागणूक: जे सर्वांचे आहे ते आपलेच समजण्याची. या वागणुकीसाठी मराठीने एक साचाच घडवून ठेवला आहे. ‘मोठा लाटसाहेब’, ‘मोठा बाजीराव’, ‘मोठा नवाब’, ‘मोठा खोत’. साचा तोच, पद बदलते. यांतील ‘लाट’ हा इंग्रजी ‘लॉर्ड’चा मराठी अवतार, हे आपल्याला ठाऊक असेलच.

प्रस्तुत घटकात आपल्याला एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. अशा शब्दांना केवळ टोमणा म्हणावे की ते एखाद्या मानवसमूहाची निंदा करणारे शब्द आहेत? पहिल्या प्रकाराला आपण ‘उपहासवाचक’ म्हणू, दुसऱ्याला ‘समूहनिंदक’. शब्द किती कडवट आहे यावर हा भेद ठरत नाही. अत्यंत सौम्य भासणारा शब्द समूहनिंदक असू शकतो आणि जिव्हारी लागणारा शब्दही केवळ उपहासवाचक असू शकतो.

‘खोत’ : पदापासून टोमण्यापर्यंत

आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात होता. रत्नागिरी आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांतील असंख्य गावांत सरकार आणि कूळ यांच्या मध्ये खोत उभा असे. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणे हे त्याचे मूळ काम. कालांतराने ते वंशपरंपरागत झाले आणि सारा गोळा करणारा माणूस व्यवहारात जमिनीचा, पिकाचा आणि पुष्कळदा कुळाच्या श्रमाचाही धनी बनला. पिकाचा मोठा वाटा, त्यावर नाना निमित्ते काढून घेतलेल्या वसुल्या आणि वेठ असा तो बोजा होता. १८८० च्या खोती कायद्याने या संबंधांना नियमांच्या चौकटीत बसवले. ते संपवले नाहीत. खोत एकाच जातीचे नव्हते. ब्राह्मण, कायस्थ प्रभू, मराठा, मुसलमान अशा अनेक समाजांत खोत घराणी होती. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढील विवेचन बऱ्याच अंशी त्यावर उभे आहे.

याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील चरी या गावी, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांची सभा भरली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोत-सावकारांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार झाला. हा संप १९३९ पर्यंत चालला. हाती असलेले शेत पडीक ठेवून सहा वर्षे काढणे म्हणजे काय, हे शेतकरी घरातील विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको. संप चालू असतानाच, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती निर्मूलनाचा कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये.

पद गेले, शब्द मात्र राहिला. भाषेत असे वारंवार घडते. परंतु शब्दाबरोबर नेमके काय उरते ते पाहणे उद्बोधक असते. खोताचे हिशेब, त्याचे सरकारशी नाते, त्याची जात हे सर्व टोमण्यातून गळून गेले आहे. उरली ती एकच गोष्ट: दुसऱ्याच्या वाट्यावर हक्क सांगण्याची सवय. अर्थविचाराच्या परिभाषेत हा अर्थापकर्ष होय, म्हणजे मानाच्या वा तटस्थ शब्दाला हीन अर्थ प्राप्त होणे. शब्दशक्तीच्या दृष्टीने पाहिल्यास अभिधेने ‘गावचा सारा वसूल करणारा वतनदार’ असा अर्थ देणारा शब्द येथे लक्षणेने ‘हक्कापेक्षा अधिक मागणारा’ हा अर्थ देतो. हा अपकर्ष सर्वत्र सारखा झालेला नाही, हेही नोंदवावे. गिरगावातील ‘खोताची वाडी’ उच्चारताना कोणाच्याही मनात टोमणा नसतो.

‘पण’ची कसोटी

समूहनिंदक शब्द माणसाला त्याच्या कृतीवरून नव्हे तर जन्मावरून, प्रदेशावरून, जातीवरून किंवा धर्मावरून पकडतो. तो शब्द ज्याला लावला जातो त्याने वागणूक बदलली तरी त्याची सुटका होत नाही. उपहासवाचक शब्दातून मात्र सुटता येते. गाडी बाजूला घेतली की त्या चालकाची ‘खोती’ संपली.

हा भेद ओळखण्यासाठी व्याकरणातील एक साधे साधन उपयोगी पडते. ‘पण’ हे न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय आपण अभ्यासले आहे. पहिल्या वाक्याने निर्माण केलेल्या अपेक्षेला दुसऱ्या वाक्यात छेद देणे हे त्याचे कार्य. आता ‘घाटी’ हा शब्द घ्या. विळे-सुतारवाडी मार्गे ताम्हिणी चढून गेले की घाट संपतो आणि देश लागतो. कोलाडकराच्या तोंडी ‘घाटावरचा’ हे पुष्कळदा नुसते भूगोलाचे वर्णन असते. मुंबईत मात्र ‘घाटी’ हा शब्द मराठी कष्टकऱ्याला, आणि पुढे एकूण मराठी माणसालाच, हिणवण्यासाठी वापरला गेला. ‘तो घाटी आहे, पण हुशार आहे’ हे वाक्य मुंबईत सहज ऐकू येऊ शकते. त्यातील ‘पण’ बोलणाऱ्याचे मन उघडे करतो: घाटी माणूस सहसा हुशार नसतो, ही त्याची गृहीत समजूत आहे. कौतुक एका माणसाचे झाले, अपमान मात्र सर्वांचा झाला.

हीच कसोटी ‘खोत’ला लावून पाहा. ‘तो मोठा खोत लागून गेला आहे, पण कोणाच्या वाट्याला हात लावत नाही.’ हे वाक्य जुळत नाही. इतरांच्या वाट्याला हात लावणे हाच तर येथे त्या शब्दाचा अर्थ आहे. तो वागणुकीचा शब्द असल्याने त्यामागे ‘पण’ला शिरण्यास जागाच नाही. म्हणून कोलाड नाक्यावरील रिक्षावाल्याचा शब्द उपहासवाचक आहे, समूहनिंदक नाही, असे म्हणता येते.

स्वयं-अध्ययन : ‘लाटसाहेब’, ‘कोकण्या’, ‘दीडशहाणा’ आणि ‘भय्या’ हे शब्द ‘पण’च्या वाक्यात घालून पाहा. कोणत्या शब्दाने समूहाविषयीचे गृहीतक उघड होते? ‘भय्या’चे उत्तर लिहिताना संबोधन आणि वर्णन असे त्याचे दोन्ही उपयोग विचारात घ्या.

शब्दाची दिशा

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. सत्ताधाऱ्याला लावलेला शब्द समूहनिंदक ठरूच शकत नाही, असे काही अभ्यासक मानतात. १९३५ च्या सुमारास एखाद्या कुळाने खोताला पाठीमागे शिव्या घातल्या तर खोताचे काय बिघडणार होते? जमीन त्याची, धान्य त्याचे, कचेरीत वजनही त्याचे. दुबळ्याच्या हाती शब्दाखेरीज दुसरे हत्यार नव्हते. हा युक्तिवाद बराचसा खरा आहे. शब्दाचा घाव त्यामागील सत्तेने खोल होतो, आणि ज्याच्यामागे सत्ता नाही त्याचा शब्द बहुधा वरवरच ओरखडा काढतो.

तथापि ही दिशा शब्दात कोरलेली नसते. ती प्रत्येक वापरागणिक ठरते. रोहा तालुक्यातील एखाद्या कातकरी वाडीतील स्त्री आरक्षित जागेवरून ग्रामपंचायतीत निवडून आली आणि बैठकीत तिने पाण्याच्या टाकीचा हिशेब मागितला, अशी कल्पना करा. कोणीतरी कुजबुजते, “मोठी खोतीण झाली बघ.” शब्द तोच, साचा तोच. परंतु या स्त्रीने कोणाच्या वाट्याला हात लावलेला नाही. तिने सदस्य म्हणून आपले कामच केले आहे. येथे ‘खोतीण’चा व्यंग्यार्थ ‘ही खुर्ची तुझी नव्हे’ असा आहे. वरच्याला खाली खेचण्यासाठी घडलेला शब्द खालच्याला खालीच ठेवण्यासाठी वापरला गेला. अभिधा आणि लक्षणा यांवर थांबणाऱ्याला हा फरक दिसणार नाही. तो व्यंजनेच्या पातळीवर आहे, आणि म्हणूनच तक्रार करणाऱ्याला ‘मी काय वाईट बोललो?’ असे विचारून गप्प करणे सोपे जाते.

‘सरकारचा जावई’

हीच वाट शेवटपर्यंत चालत गेलेला मराठी शब्दप्रयोग म्हणजे ‘सरकारचा जावई’. आपल्या संस्कृतीत जावई हा हक्काने मागणाऱ्याचा नमुना. धोंड्याच्या महिन्यात त्याला ताट-वाण द्यावयाचे, त्याचा रुसवा सांभाळायचा, तो घरात काही काम करील ही अपेक्षा ठेवायची नाही. त्यामुळे फुकट पाहुणचार घेणाऱ्या कोणालाही ‘जावई’ म्हणणे ही निरुपद्रवी थट्टा ठरते. कोठडीतील आरोपीला वा शासकीय बंगला न सोडणाऱ्या माजी मंत्र्याला ‘सरकारचा जावई’ म्हटले तर ते उपहासवाचकच होय. मंत्र्याने बंगला सोडला की तो जावई राहत नाही.

परंतु महाविद्यालयांत आणि कचेऱ्यांत हा शब्द बहुधा वेगळ्याच माणसांना लावला जातो. अनुसूचित जाती-जमातींतील विद्यार्थ्याला, आरक्षित जागेवर नेमलेल्या कर्मचाऱ्याला. येथे ‘पण’ची कसोटी तत्काळ बोलते. ‘सरकारचा जावई असला तरी हुशार आहे’ हे वाक्य बोलणाऱ्याला मुळीच विसंगत वाटत नाही. त्या विद्यार्थ्याने रात्रपाळी करून पदवी घेतली, सर्वांहून अधिक गुण मिळवले, तरी शब्द त्याला सोडत नाही. कारण तो त्याच्या वागणुकीला लावलेलाच नव्हता. घटनेच्या अनुच्छेद १५(४) आणि १६(४) यांनी दिलेली तरतूद ही येथे ‘लाड’ ठरवली जाते. ज्यांना शतकानुशतके सार्वजनिक तळ्यावरचे पाणीही नाकारले गेले, त्यांनाच ऐतखाऊ ठरवले जाते. याच जिल्ह्यातील महाडचे चवदार तळे आणि २० मार्च १९२७ हा दिवस आठवला म्हणजे हा उलटफेर किती मोठा आहे ते ध्यानात येईल. या वापरात ‘सरकारचा जावई’ हा निःसंशय समूहनिंदक शब्द आहे, आणि त्यात एकही जातिवाचक अक्षर नाही हेच त्याचे बळ आहे.

कायद्यानेही या प्रश्नाचा विचार केला आहे. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ यात २०१५ च्या सुधारणेनंतर दोन वेगळ्या तरतुदी आढळतात. लोकांच्या दृष्टिपथातील ठिकाणी जातीच्या नावाने शिवीगाळ करणे ही एक आणि अशाच ठिकाणी पाणउतारा करण्याच्या हेतूने जाणीवपूर्वक अपमान करणे ही दुसरी. दुसरीत जातीचे नाव उच्चारले जाण्याची अट नाही; तथापि अपमान जातीच्या कारणाने झालेला असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. त्याआधी, २००८ च्या स्वर्णसिंग खटल्यात, एका जातिनामाविषयी निर्णय देताना त्या न्यायालयाने शब्दाच्या मूळ अर्थापेक्षा लोक तो आज कशासाठी वापरतात याला महत्त्व दिले. भाषेच्या विद्यार्थ्याने हे आवर्जून वाचावे, कारण व्युत्पत्ती पुढे करून सुटू पाहणाऱ्याला दिलेले ते भाषाशास्त्रीय उत्तरही आहे. विशिष्ट प्रसंगी गुन्हा घडला की नाही हे अर्थातच न्यायालय ठरवते. शब्द निंदक आहे की नाही हा प्रश्न त्याहून व्यापक आहे.

नाव जेव्हा टोमणा बनते

एक अडचण मात्र उरते. ‘खोत’ हे आडनावही आहे. कोकणात आहे, कोल्हापूर-सांगलीकडेही आहे, आणि आज ते धारण करणाऱ्या अनेकांच्या घराण्यात कधीकाळी कोणी सारा वसूल केला होता की नाही हे त्यांनाही माहीत नसते. अमेरिकेत याच स्वरूपाचा वाद ‘कॅरन’ या स्त्रीनामावरून झाला. दुकानात, बागेत आपलाच हक्क चालवणाऱ्या आणि कृष्णवर्णीयांवर ऊठसूट पोलीस बोलावणाऱ्या गोऱ्या स्त्रीला हे नाव पडले. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने वंशद्वेषातून केलेल्या खोट्या आपत्कालीन तक्रारींविरुद्ध नियम केला, त्याचे लघुनावही मुद्दाम याच उच्चाराचे ठेवले गेले. एका विशिष्ट वागणुकीला नाव देणारा हा शब्द, असे त्याचे समर्थक म्हणतात. स्त्रीने कोणतीही तक्रार केली की तिचे तोंड बंद करण्यास तो वापरला जातो, असे विरोधक म्हणतात. कोलाडच्या खोतिणीचे उदाहरण समोर असल्याने आपल्याला दोन्ही बाजू समजणे कठीण जाऊ नये. माझ्या मते पहिली बाजू शब्दाच्या जन्माविषयी खरी आहे आणि दुसरी त्याच्या पुढील आयुष्याविषयी.

मराठीत या बाबतीत एक सोय आहे. टोमणा मारताना आपण बहुधा ‘मोठा’, ‘लागून गेलास’, ‘झालास’ अशी शब्दांची जोड देतो. ही जोडच सांगते की समोरचा खरा खोत नाही, तो खोत असल्यासारखा वागतो आहे. ‘झालास’ या क्रियापदात होणे आहे, असणे नाही. ही जोड गळून ‘खोतच ना तो, असाच वागणार’ असे कोणी एखाद्या आडनावाच्या सहकाऱ्याविषयी म्हणाले, तर त्या ‘च’ने शब्द वागणुकीवरून उचलून रक्तात नेऊन ठेवला, आणि चरीच्या संपाशी दूरान्वयानेही संबंध नसलेल्या माणसाकडून त्या काळाचा वसूल मागितला.

क्षेत्रकार्य : आपल्या परिसरात हक्क गाजवणाऱ्या माणसासाठी वापरले जाणारे तीन शब्द किंवा शब्दप्रयोग मिळवा. प्रत्येक शब्द कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी वापरला ते लिहा. व्यक्तींची नावे लिहू नका. शक्य असल्यास तोच शब्द घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीलाही विचारा आणि तिने सांगितलेला अर्थ स्वतंत्रपणे नोंदवा. कोकणातील जुन्या कुळांच्या घरांत ‘खोत’ शब्दाचे जे उत्तर मिळेल, ते या घटकातील अर्थाहून बरेच निराळे असण्याचा संभव आहे.