तळ्याचें आरोग्य आणि न दिसणारे जीव

तळ्याच्या कांठीं उभें राहून पाहणाऱ्यास मासे दिसतात, पाण्यावरील हिरवा तवंगहि दिसतो. परंतु माशांचा व तवंगाचा संबंध ज्यांच्यामुळें जुळतो, ते जीव त्याच्या दृष्टीस पडत नाहींत. त्यांची ओळख करून देऊन, एका बिघडलेल्या सरोवराचें पाणी पुन्हां कसें निवळलें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असा आमचा हेतु आहे.

तळ्यांतील थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेविलें असतां रोटिफर नांवाचे प्राणी पुष्कळदां आढळतात. रोटिफर म्हणजे चक्र धारण करणारा. त्याच्या डोक्यावर बारीक केसांचें कडें असतें, व ते केस एकामागून एक लवत असल्यामुळें चाक फिरत असल्याचा भास होतो. वस्तुतः चाक नसतेंच. केसांच्या हालचालीनें पाण्यांत प्रवाह उत्पन्न होऊन त्याबरोबर शेवाळाचे सूक्ष्म कण व जंतु तोंडाकडे येतात. बहुतेक रोटिफर अर्ध्या मिलिमीटरहूनहि लहान असतात. अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या कित्येक मत्स्यपिलांचें तोंड इतकें लहान असतें कीं, असल्या जीवांवरच त्यांस प्रथम गुजराण करावी लागते.

रोटिफरांचा एक प्रतिस्पर्धी आहे. तो म्हणजे डॅफ्निया अथवा पाणपिसू. तीहि शेवाळच खाते. परंतु आकारानें मोठी असल्यामुळें ती पुष्कळ अधिक पाणी गाळते. तिची संख्या वाढली म्हणजे रोटिफर कमी होतात व पाणी निवळतें. उलट, असे जीव खाणारे मासे फार झाले म्हणजे ते मोठ्या पाणपिसवा आधीं वेंचून खातात. मग रोटिफर वाढतात खरे, पण शेवाळहि माजतें. तात्पर्य, पाण्यांत काय पडतें यावर जसा, तसाच कोण कोणास खातो यावरहि पाण्याचा रंग अवलंबून असतो.

याचें उत्तम उदाहरण अमेरिकेच्या पश्चिम भागांत, सिएटल शहरालगतच्या वॉशिंग्टन सरोवरांत सांपडतें. १९४१ पासून त्यांत कांठच्या वस्त्यांचें सांडपाणी, शुद्धीकरण करून, सोडण्यांत येऊं लागलें. शुद्धीकरण झालें तरी त्यांतील बरेंचसें स्फुरद कायम राही. आणि जें शेताला खत, तेंच शेवाळालाहि खत. १९५५ सालीं तेथें ऑसिलेटोरिया नांवाचें तंतुमय शेवाळ आढळलें. स्वित्झर्लंडांतील झुरिक सरोवर बिघडलें तेव्हां हेंच शेवाळ तेथें माजलें होतें, हें प्राध्यापक डब्ल्यू. टी. एडमंडसन यांस ठाऊक होतें. हे गृहस्थ मूळचे रोटिफरांचे अभ्यासक. रोटिफरांनीं अंगाशीं वाहिलेलीं अंडीं मोजून त्यांच्या वाढीचा वेग ते काढीत. त्यांनीं धोक्याची सूचना दिली. उपाय मात्र खर्चाचा होता. सर्व सांडपाणी समुद्राकडे वळवावयाचें, व त्याचा भार नागरिकांनींच सोसावयाचा. मार्च १९५८ मध्यें मतदानांत ही योजना फेटाळली गेली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत ती मान्य झाली. १९६३ सालीं सांडपाणी वळविण्यास आरंभ झाला व १९६८ सालीं तें काम पुरें झालें.

पाण्याची निर्मळता मोजण्यासाठीं दोरीला पांढरी तबकडी बांधून ती पाण्यांत सोडतात. ही रीत सेक्की या इटालियन धर्मगुरु व ज्योतिर्विदानें १८६५ सालीं उपयोगांत आणिली. १९६३ च्या उन्हाळ्यांत ही तबकडी सुमारें एक मीटरवरच दिसेनाशी होई. १९७१ च्या सुमारास ती तीन मीटरपर्यंत दिसूं लागली. पुढें १९७६ सालीं एकाएकीं पाणपिसवा वाढल्या, आणि लवकरच तबकडी सहा मीटरांहूनहि खोल दिसूं लागली!

हें कसें झालें? पाणपिसवांस खाणारा निओमायसिस नांवाचा कोळंबीसारखा जीव पूर्वीं तेथें विपुल होता. स्मेल्ट नांवाचे मासे वाढले, त्यांनीं त्यास खाल्लें व तो विरळ झाला. शिवाय ऑसिलेटोरियाचे तंतु पाणपिसवांच्या अन्न गाळण्याच्या अवयवांत अडकत. स्फुरद घटल्यावर तेंहि शेवाळ हळूहळू नाहींसें झालें. अशा रीतीनें शत्रु माशांनीं कमी केला आणि अडथळा माणसांच्या निश्चयानें दूर झाला. एके ठिकाणीं मासे शेवाळ वाढवितात, तर दुसऱ्या ठिकाणीं तेच पाणी निवळण्यास कारण होतात. म्हणूनच आपल्याकडेहि डासांच्या नाशासाठीं तळ्यांत गँबुसिया मासे सोडतांना विचार केला पाहिजे. कारण ते पाणपिसवाहि खातात.

सरोवर पुरतें नासेपर्यंत त्या नागरिकांनीं वाट पाहिली नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें. पहिला नकार सहा महिन्यांत बदलण्याचें शहाणपण त्यांनीं दाखविलें, आणि वर्षानुवर्षें नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासकाचा शब्द त्यांस उपयोगीं पडला. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीहि एका पांढऱ्या झांकणास वजन व दोरी बांधून, वडील माणसांस बरोबर घेऊन, दर महिन्यास आपल्या गांवच्या तळ्यांत तें सोडून पाहा आणि किती खोलीवर तें दिसेनासें होतें तें तारखेसह लिहून ठेवा. तळें आजारी पडूं लागलें, तर ती वही गांवाला वेळेवर सांगेल.