वांकलेली पाठ म्हणजे वार्धक्य नव्हे

आमच्या समाजांत वांकलेली पाठ ही वार्धक्याची स्वाभाविक खूण मानण्याची जुनी रीत आहे. केस पांढरे होतात, दांत पडतात, दृष्टि मंदावते. त्याचप्रमाणें आजीबाईंची पाठ वांकते व उंची कमी होते, असें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. चित्रकारास आजी काढावयाची असली म्हणजे तो प्रथम तिची पाठ वांकवितो आणि मग तिच्या हातीं काठी देतो. आम्हीहि जन्मभर असेंच समजत होतों. ही समजूत चुकीची आहे हें आम्हांस फार उशिरां, आणि आमच्याच घरांत, कळलें. आम्ही वैद्य नव्हे; पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलेले शाळामास्तर आहों. परंतु जें कळण्यास आमच्या घरास मोठी किंमत द्यावी लागली, तें वाचकांस वेळेवर कळावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

सन २०१९ ची दिवाळी तोंडावर आली होती. घरांत साफसफाई चालू असतां आमच्या वहिनींनीं पाण्यानें भरलेली बादली उचलली, आणि पाठींत कळ येऊन त्या तेथेंच खालीं बसल्या. त्यांचें वय त्या वेळीं ६१ होतें. उसण भरली, असा निकाल आम्हीं सर्वांनीं देऊन टाकला. तेल चोळलें, शेक दिला, चार दिवस निजवून ठेवलें. महिना-दीड महिन्यानें दुखणें ओसरलें व वहिनी पुन्हा ओट्यापाशीं उभ्या राहिल्या. पुढें वरच्या फळीवरील डबा काढण्यास त्यांना स्टूल लागूं लागलें, नेहमींचें पातळ पायांत येऊं लागलें, पाठीला किंचित् बांक आला. हें सर्व आमच्या डोळ्यांसमोर घडत होतें; पण 'वय झालें' या दोन शब्दांत त्याचा अर्थ लावून आम्ही मोकळे झालों.

सन २०२२ च्या श्रावणांत न्हाणीघराच्या उंबरठ्यावर त्यांचा पाय घसरला. पडणें अगदीं साधें होतें, परंतु उजव्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रियेपूर्वीं क्ष-किरणांचीं चित्रें पाहून डॉक्टरांनीं विचारलें, "यांच्या पाठीचा एक मणका पूर्वींच चेपलेला आहे. तेव्हां कोणास दाखविलें होतें?" आमच्यापैकीं कोणापाशींहि उत्तर नव्हतें. वहिनीच हळूच म्हणाल्या, "भावोजी, सगळे म्हणाले म्हातारपण आलें. मलाहि तसेंच वाटलें."

बादली उचलतांना भरली ती उसण नव्हतीच. त्या वेळीं मणका मोडला होता. तेव्हांच औषधोपचार झाले असते, तर पुढचा खुबा मोडण्याचा संभव पुष्कळ कमी झाला असता. हें शल्य आमच्या मनांत कायमचें राहिलें आहे.

या विकारास 'ऑस्टिओपोरोसिस' म्हणतात. ग्रीक भाषेंत 'ऑस्टिऑन' म्हणजे हाड, व 'पोरॉस' म्हणजे वाट किंवा छिद्र. मराठींत आपण त्यास अस्थिसुषिरता म्हणूं. बांसरीसारख्या पोकळ वाद्यांस आपण सुषिरवाद्यें म्हणतों, तोच हा शब्द. रजोनिवृत्तीशीं या विकाराचा असलेला संबंध अमेरिकेंतील बोस्टन येथील फुलर ऑलब्राइट या वैद्यानें सन १९४०-४१ च्या सुमारास स्पष्ट केला. म्हणजे ही माहिती जगास मिळून ऐंशींहून अधिक वर्षें झालीं, तरी ती आमच्या उंबरठ्याच्या आंत आली नव्हती.

संस्कृतांत 'शरीर' हा शब्द 'शॄ' म्हणजे झिजणें, मोडणें या धातूपासून साधतात. हाडांच्या बाबतींत ही व्युत्पत्ति अक्षरशः खरी आहे. हाड हा निर्जीव दगड नव्हे. त्यांत दोन प्रकारच्या पेशी अखंड राबत असतात; एक जुनें हाड खरवडून काढतात, दुसऱ्या त्या जागीं नवें भरतात. जुन्या वाड्याची डागडुजी जशी कधीं संपत नाहीं, तसेंच हें काम; साधारणतः दहा वर्षांत बहुतेक सांगाडा नवा होतो. तारुण्यांत भरणें अधिक व खरवडणें कमी असतें. तिशीच्या सुमारास हाडांचा सांठा पूर्ण होतो. त्यानंतर थोडी थोडी झीज सर्वांचीच होते. परंतु स्त्रियांच्या शरीरांत खरवडणाऱ्या पेशींवर दाब ठेवणारें 'इस्ट्रोजेन' नांवाचें द्रव्य असतें, तें रजोनिवृत्तीबरोबर एकदम घटतें. मुकादम निघून गेला म्हणजे कामाचा जो घोळ होतो तोच येथें होतो. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पांच-सात वर्षांत कांहीं स्त्रियांच्या हाडांचा पांचवा हिस्सादेखील नाहींसा होतो. दुखत कांहींच नाहीं; म्हणून कळतहि नाहीं. पहिली वार्ता येते ती हाड मोडल्याची. मनगट, मणका आणि खुबा हीं तीन ठिकाणें मुख्य. त्यांत खुबा सर्वांत घातक; म्हातारपणीं तो मोडलेल्या शंभर माणसांपैकीं सुमारें वीस वर्षाच्या आंत दगावतात.

हा धोका कोणास अधिक? ज्यांची पाळी पंचेचाळिशीपूर्वीं गेली, किंवा गर्भाशयाबरोबर बीजांडकोशहि काढून टाकले; ज्यांच्या आईचा खुबा मोडला होता; ज्या फार कृश आहेत; ज्यांना दमा वा संधिवात यांसाठीं स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने घ्याव्या लागल्या; आणि ज्यांना तंबाखूचें व्यसन आहे, त्यांस. सांधेदुखीवर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या निनांवी पुड्यांतहि पुष्कळदां स्टेरॉइड मिसळलेलें असतें, हें ध्यानांत ठेवावें. मात्र डॉक्टरांनीं दिलेलें स्टेरॉइड आपल्या मनानें एकदम बंद करूं नये. त्यानेंहि जीवावर बेततें. पुरुष या विकारांतून सुटलेले नाहींत. सत्तरीनंतर त्यांचीहि गणना यांत होते.

आतां घरांत काय करतां येईल तें पाहूं. पहिली गोष्ट अन्नाची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें सन २०२० मध्यें ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसास रोज १००० मिलिग्रॅम, व रजोनिवृत्तीनंतर स्त्रीस १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें. गायीच्या १०० मिलिलिटर दुधांत तें सुमारें १२० मिलिग्रॅम असतें, आणि १०० ग्रॅम नाचणींत साडेतीनशेंच्या आसपास. तीळ त्याहूनहि संपन्न आहेत. दूध, दहीं, ताक, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, हें सर्व आपल्या स्वयंपाकघरांतलेंच आहे. मग उणें कोठें पडतें? तें आमच्या पंक्तींत पडतें. आधीं पुरुषांचीं पानें, मग मुलांचें दूध, आणि तळाशीं उरेल तें बायकांचें. त्यांच्या वाट्याला दुधाऐवजीं दोन वेळां चहा. चातुर्मासांतील उपास बहुधा त्यांच्याच अंगावर, आणि उपासाला साबुदाणा, ज्यांत कॅल्शियम नांवालाच. वहिनींनीं किती वर्षें स्वतःसाठीं वाटीभर दूध घेतलें नव्हतें, याची आम्हीं कधीं चौकशीच केली नाहीं. उपास मोडा असें आमचें म्हणणें नाहीं. पण त्या दिवशीं राजगिरा, दूध व दहीं पानांत असावें, आणि घरांतील सर्वांनीं एका पंक्तीस बसावें. डाळी, उसळी यांतील प्रथिनेंहि हाडांस तितकींच आवश्यक आहेत. अन्नांतून पुरेसें मिळत नसेल तरच गोळ्या, आणि त्याहि विचारून.

दुसरी गोष्ट उन्हाची. कॅल्शियम अंगीं लागण्यास 'ड' जीवनसत्त्व हवें, व तें त्वचेंत सूर्यप्रकाशानें तयार होतें. आमच्या देशांत उन्हाला तोटा नाहीं, तरी या जीवनसत्त्वाची उणीव घरोघर आढळते. सकाळचें कोंवळें ऊन सुखावह खरें, पण या कामीं त्याचा उपयोग थोडा. दहा ते तीनच्या दरम्यानचें ऊन हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ घेतल्यास अधिक गुण येतो. खिडकीच्या कांचेआडून आलेलें ऊन उपयोगी पडत नाहीं. ६०,००० एककांची मोठी गोळी शेजारणीनें सांगितली म्हणून महिनोन्महिने घेत राहणें धोक्याचें आहे. अतिरेकानें मूत्रपिंडास इजा होते.

तिसरी गोष्ट श्रमाची. हाडावर भार पडला म्हणजे तें बळकट होतें. रोज अर्धा तास झपाट्यानें चालणें, जिने चढणें, हलकीं वजनें उचलणें, आणि भिंतीचा आधार हातापाशीं ठेवून एका पायावर उभें राहण्याचा सराव करणें, हें साठीनंतरहि करतां येतें. येथें एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. सूर्यनमस्कार हा उत्तम व्यायाम. परंतु ज्यांचा मणका चेपला आहे किंवा हाडें फार ठिसूळ झालीं आहेत, त्यांनीं कमरेतून पुढें वांकण्याचे प्रकार, जड बादल्या व हिसक्याचीं कामें टाळावींत.

चौथी गोष्ट घराची. ठिसूळ हाडाला पडणें सोसत नाहीं, म्हणून पडणेंच टाळलें पाहिजे. न्हाणीघरांत भिंतीला धरावयास दांडी, जमीन कोरडी, रात्रीं मंद दिवा, घसरणारें पायपुसणें दूर, चपला घट्ट, चष्मा बरोबर नंबराचा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वेळेवर. आमच्या घरीं ही दांडी बसविण्यास जो खर्च आला, तो शस्त्रक्रियेच्या खर्चापुढें नगण्य होता. फक्त ती चार वर्षें उशिरां बसली.

पांचवी गोष्ट परीक्षेची व औषधाची. 'डेक्सा' नांवाची एक तपासणी असते. ती दुखत नाहीं व थोड्या मिनिटांत होते. तरुण स्त्रीच्या सरासरीशीं आपल्या हाडांची घनता ताडून त्यांत अंक देतात. जागतिक आरोग्य संघटनेनें सन १९९४ मध्यें ठरविल्याप्रमाणें उणे २.५ किंवा त्याखालीं अंक आल्यास विकार जडला असें समजावें. पासष्टीनंतर प्रत्येक स्त्रीनें, व वर सांगितलेलें एखादें कारण असेल तर त्यापूर्वींच, ही तपासणी करून घ्यावी. किरकोळ पडण्यानें हाड मोडलें असेल तर तें बसविण्यावर समाधान मानूं नये; "हाड इतकें ठिसूळ कां झालें?" असें डॉक्टरांस विचारावेंच. औषधें आज पुष्कळ व गुणकारी आहेत. आठवड्यास एक घ्यावयाची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी सकाळीं अनशापोटीं पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि पुढें अर्धा तास आडवें होऊं नये, चहाहि घेऊं नये. नाहीं तर अन्ननलिकेस इजा होते व औषध अंगीं लागत नाहीं. झोलेड्रोनिक आम्ल शिरेंतून वर्षांतून एकदां देतात. डेनोसुमॅबचें इंजेक्शन सहा महिन्यांनीं असतें. तें मध्येंच सोडल्यास मणके मोडण्याचें भय असतें, म्हणून विचारल्यावांचून सोडूं नये. दांत काढावयाचा असल्यास यांपैकीं औषध चालू असल्याचें दंतवैद्यास अगोदर सांगावें.

शाळेंत असतां दर वर्षीं जूनमध्यें आम्ही मुलांची उंची मोजून वहींत मांडीत असूं. मुलगा वाढतो आहे कीं नाहीं हें पाहण्याची ती साधी रीत होती. घरांतील बायकांची उंची कमी होत आहे कीं काय, हें मोजण्याचें मात्र आम्हांस कधीं सुचलें नाहीं. आतां दर पाडव्यास माजघराच्या चौकटीशीं घरांतील सर्वांस उभें करून आम्ही पेन्सिलीनें रेघ मारतों व शेजारीं तारीख घालतों. तरुणपणच्या उंचींतून चार सेंटिमीटर, म्हणजे दीड इंच, कमी झाले असतील तर डॉक्टरांकडे गेलेंच पाहिजे. या मोजणींत आमच्या ४८ वर्षांच्या सूनबाई आहेत आणि बारा वर्षांची नातहि आहे. कारण नातीच्या हाडांची ठेव भरण्याचीं वर्षें हींच आहेत, तिला तीं पुन्हा मिळणार नाहींत.

वहिनी आज काठी घेऊन चालतात. पाठीचा बांक गेला नाहीं. तो आतां जाणारहि नाहीं. परंतु औषध नियमित चालू आहे, आणि गेल्या दोन पाडव्यांच्या त्यांच्या रेघा एकाच उंचीवर आहेत. घरांतील कोणी मोठी बाई "पाठ दुखते" म्हणाली, तर 'वय झालें' हे शब्द वाचकांनीं तोंडावाटे काढूं नयेत; आधीं तिची उंची मोजावी, आणि दुसऱ्या दिवशीं तिला डॉक्टरांकडे न्यावें, एवढीच आमची विनंति आहे.