शरीराचा नकाशा कोणाला पाठ?

खर्ड्याची लढाई मार्च १७९५ मधली. मराठ्यांनी निजामाला इथे नमवलं, हे जामखेड तालुक्यातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १७९४ मध्ये, लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली होती. ती मात्र फारच थोड्यांना माहीत आहे.

कावसजी नावाचा मराठी शेतकरी इंग्रज फौजेत बैल हाकत असे. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेतलं, ते कपाळावर ठेवून रेघ आखली, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. वर काताचा लेप दिला, पुढे तुपात भिजवलेल्या पट्ट्या ठेवल्या. दोन भुवयांच्या मधली चिंचोळी पट्टी मात्र त्याने पंचवीसेक दिवस तोडली नाही. सगळी विद्या त्या पट्टीत होती. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळून कपाळावर चढणारी बारीक धमनी तिच्यातून जाते आणि वळवलेली कातडी त्या रक्तावर जगते. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये हीच रीत वापरली. आजचे प्लास्टिक सर्जनही कपाळाची कातडी याच धमनीवर उचलतात.

त्या कारागिराला पित्ताशय कुठे असतं हे कदाचित सांगता आलं नसतं. चार बोटं जागा, पण तिचा ठाव त्याला पुरता लागलेला होता. आजच्या तज्ज्ञांचंही बरंचसं असंच असतं.

थायरॉइडची शस्त्रक्रिया करणाऱ्याला आवाजाची नस जपावी लागते. ही नस छातीकडे उतरते, डावीकडे महाधमनीला आणि उजवीकडे हाताकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालते आणि पुन्हा स्वरयंत्राकडे चढते. काही थोड्या माणसांत उजवी नस हा वळसा घेतच नाही, थेट स्वरयंत्राला जाते. ही शक्यता ध्यानात न ठेवणाऱ्या सर्जनच्या हातून रोग्याचा आवाज जाऊ शकतो. गर्भाशय काढताना स्त्रीरोगतज्ज्ञाची नजर मूत्रवाहिनीवर असते, कारण ती गर्भाशयाच्या धमनीखालूनच जाते. भूलतज्ज्ञ मणक्यांमधली फट बोटाने चाचपून सुई घालतो. आतलं काहीच त्याला दिसत नसतं.

पुस्तकात शरीर एकच असतं. टेबलावर येणारं प्रत्येक शरीर वेगळं असतं. म्हणून ज्याला अपवाद ठाऊक, त्याचं ज्ञान खोल, असं मी मानतो. या कसोटीवर पहिला मान शरीररचनाशास्त्राच्या शिक्षकाला द्यावा लागेल. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शिकवणारा हा माणूस रोगी तपासत नाही, त्यामुळे समाजात त्याचं नाव होत नाही. पण वर्षानुवर्षे डोक्यापासून पायापर्यंत थर उलगडून, फाटे बदललेल्या धमन्या आणि जागा सोडलेल्या नसा त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. सुश्रुताची रीत हीच होती: प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून सात दिवस वाहत्या पाण्यात ठेवायचं आणि मग कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर पाहायचा.

दुसरा मान रेडिओलॉजिस्टचा. १८९५ साली रंटजेनला क्ष-किरण सापडले. १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रोग्याचा सीटी स्कॅन झाला. त्यानंतर जिवंत माणसाचे आडवे छेद पाहता येऊ लागले. अख्खं शरीर, तेही एका दिवसात अनेकांचं, पाहणारा दुसरा तज्ज्ञ मला दिसत नाही. सर्जनला मी तिसरा ठेवतो, पण त्याच्या स्वतःच्या प्रांतात तो दोघांनाही मागे टाकतो.

शरीराचा एखादा भाग डॉक्टर नसलेल्यांनाही पाठ असू शकतो, म्हणून जामखेडचा उल्लेख राहून गेला तर चालणार नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी तयार केलेल्या गावोगावच्या आरोग्य सेविकांपैकी अनेकींना लिहितावाचताही येत नव्हतं. त्या बायका गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं वर आहे की खाली, हे ओळखायला शिकल्या.

डॉक्टरांना मात्र ही विद्या शेवटी मृतदेहावरच शिकावी लागते. १९४९ च्या कायद्याने महाराष्ट्रात बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतात, पण स्वेच्छेने केलेल्या देहदानाची गरज आहेच. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीला आणि नगर शहराजवळच्या विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नेत्रदान करूनही देहदान करता येतं. अपघातात गेलेल्याचा किंवा शवविच्छेदन झालेला देह मात्र सहसा घेतला जात नाही. नुसता अर्ज भरून ठेवू नका, घरच्यांना बसवून सांगा. ऐन वेळी महाविद्यालयाला फोन त्यांनाच करायचा असतो.