ओल्या अळंबीचा पहिला तास

अळंबी देठाला धरून उपटायची नाही, हा अळंब्या ओळखण्याच्या कामातला पहिला धडा. सुरीचं पातं मातीत खोल घालून ती बुडासकट उचलायची. ॲमनिटा वंशातल्या अळंबीच्या बुडाशी असलेला पेला मातीतच राहिला, तर ओळखीची एक मोठी खूण तिथेच गेली. पाचोळ्यावर उगवणाऱ्या अळंब्या ज्या पानावर आल्या असतील त्या पानासकट घ्यायच्या. ते पान कोणत्या झाडाचं, हेसुद्धा वर्णनात लिहावं लागतं.

पावसाळ्यात आंबोलीच्या जंगलात अंजनी-जांभळीच्या कुजत्या पाचोळ्यावर मॅरास्मिअस वंशातल्या अळंब्या येतात. टोपी नखाएवढी, देठ काळा, चिवट, घोड्याच्या शेपटीच्या केसासारखा. उन्हाने कोमेजल्या तरी पाणी मिळालं की पुन्हा टवटवीत होतात. आशियातल्या उष्ण प्रदेशांतल्या जंगलांत या वंशाच्या प्रजाती भरपूर, आणि नाव न मिळालेल्याही पुष्कळ असणार. जगात बुरशीच्या सुमारे दीड लाख प्रजातींना आजवर नाव मिळालं आहे. प्रत्यक्षात त्या 22 ते 38 लाख असाव्यात, असा 2017 सालचा एक अंदाज आहे.

मुक्कामी पोचलं की चहासुद्धा नंतर. आधी वही उघडायची, कारण अळंबी तासागणिक बदलते. रंग दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, रंगांच्या तक्त्याशी ताडून लिहायचा. ट्यूबलाइटखाली पिवळा आणि बदामी यांत फसगत होते. टोपीचा तुकडा बोटांत चुरडून वास घ्यायचा आणि जसा येईल तसा लिहायचा: लसणाचा, कच्च्या पिठाचा, ब्लीचिंग पावडरचा. टोपी उलटी करून खालच्या पातळ पापुद्र्यांपैकी, म्हणजे कल्ल्यांपैकी, देठापर्यंत पोचणारे मोजायचे. मधेच संपणारे आखूड कल्ले त्यात धरायचे नाहीत. कल्ले थेट देठाला चिकटलेत की देठाभोवतीच्या बारीक कड्याला, हे भिंगातून बघायचं. मग एक टोपी कल्ले खाली करून काचपट्टीवर ठेवायची आणि वर वाटी झाकायची. सकाळी काचेवर बीजाणूंचा पांढरा ठसा उमटलेला असतो. उरलेला नमुना मंद आचेच्या ड्रायरमध्ये जातो. कोकणाच्या माथ्यावरच्या पावसात दुसऱ्या कशानेही तो वाळत नाही, आणि ओलसर राहिला तर त्याच्यावरच दुसरी बुरशी चढते.

मायक्रोस्कोपचं काम पुढे महिनोन्‌महिने चालतं. वाळलेल्या टोपीचा ब्लेडने काढलेला काप इतका पातळ हवा की काचेवर जेमतेम दिसावा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात आक्रसलेल्या पेशी फुगतात, काँगो रेडने त्यांच्या भिंती उठून दिसतात. हजारपट मोठं करून पाहिलं की मॅरास्मिअस वंशातल्या अनेक प्रजातींच्या टोपीच्या वरच्या थरात, माथ्यावर आखूड बोटं फुटलेल्या पेशी उभ्या दिसतात. त्या बोटांची लांबी, जाडी, टोकाचा आकार, सगळं मोजायचं आणि चित्र काढायचं. दुसऱ्या कापावर आयोडीन असलेलं मेल्झरचं द्रावण टाकलं की आतला गर बहुतेकदा तांबूस तपकिरी होतो, बीजाणू मात्र बिनरंगी राहतात. बीजाणूंची लांबी-रुंदी मायक्रॉनमध्ये घ्यायची, तीही दोन-चार नव्हे तर निदान वीस-तीस बीजाणूंची.

मग डीएनए. आयटीएस नावाचा तुकडा 2012 साली बुरशीची ओळखखूण म्हणून सुचवला गेला, आणि आता त्याच्याशिवाय पान हलत नाही. संगणकावर जवळचं जुळणारं काही सापडलं नाही की नवी प्रजाती मिळाली असं वाटू लागतं. माझ्या मते खरी जबाबदारी इथूनच सुरू होते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश कवकशास्त्रज्ञ बर्कली यांनी आणि नंतर पेच यांनी सिलोनमधल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, कितीतरी अळंब्यांना नावं दिली. वर्णनं अनेकदा चार ओळींची, लॅटिनमधली. त्यांतल्या बहुतेक नमुन्यांचा डीएनए कोणी वाचलेला नाही. श्रीलंका आणि सह्याद्री यांची जीवसृष्टी एकमेकींशी जवळच्या नात्याची. तेव्हा आपल्याला नवी वाटणारी अळंबी लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाच्या संग्रहात दीडशे वर्षं पाकिटात पडलेली असू शकते. ते पाकीट न पाहता नवं नाव देणं म्हणजे पुढच्या अभ्यासकाच्या वाटेत गोंधळ पेरणं.

पहिल्या तासाची वही इथे कामी येते, कारण ताज्या अळंबीच्या काही खुणा फक्त तिच्यातच उरतात. थायलंडच्या खाओ याईमधून 2009 साली स्पॉन्जिफॉर्मा हा स्पंजासारख्या अळंबीचा वंश वर्णिला गेला. तिला डांबराचा वास होता. दोन वर्षांनी बोर्निओतल्या लांबिर हिल्समधून त्याच वंशाची दुसरी प्रजाती आली, स्पॉन्जिफॉर्मा स्क्वेअरपँट्सी. ही नारिंगी, आणि वास फळासारखा किंवा कुबट. मेघालयात मेलेल्या बांबूवर वाढणारी, 2020 साली वर्णिलेली रोरिडोमायसीस फायलोस्टॅकिडिस रात्री उजळते, तीही टोपीने नव्हे, देठाने. वाळलेल्या नमुन्यातून तो वास, तो उजेड परत मिळत नाही. डीएनए मात्र वाळलेल्या नमुन्यातून अनेक वर्षांनीही काढता येतो.

नाव देण्याचे नियम काटेकोर आहेत. 2012 पासून लॅटिनऐवजी इंग्रजीत वर्णन चालतं. 2013 पासून मायकोबँकसारख्या मान्य नोंदवहीचा क्रमांक घेतल्याशिवाय बुरशीचं नवं नाव ग्राह्य धरलं जात नाही. आणि एक नमुना आधारनमुना म्हणून संग्रहालयात ठेवावाच लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवकसंग्रह आहे. तशा ठिकाणी तो पुढच्या पिढ्यांना पडताळायला मिळतो.

पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडून अळंब्यांचे सुंदर फोटो काढणारे आता गावोगाव आहेत. त्यांना एवढंच सांगणं: वरून एक फोटो काढलात तर खालून कल्ल्यांचाही काढा. अळंबी कशावर उगवली, जवळ कोणतं झाड होतं, वास कसा होता, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. अभयारण्यात परवानगीशिवाय काहीही उचलू नका, आणि अनोळखी अळंबी चुकूनही तोंडात घालू नका. जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना तुमच्या नोंदी दाखवा.